जुन्या बीटलला ॲडाप्टर लावताय? आधी जाडी बघा

साधारण 1967 पर्यंतच्या जुन्या फोक्सवॅगन बीटलचा बोल्ट पॅटर्न 5 बाय 205, म्हणजे 205 मिमी व्यासाच्या वर्तुळावर 5 बोल्ट, आणि लोकांना हवी असतात पोर्शची 5 बाय 130 वाली चाकं, मग ब्रेक ड्रम आणि चाकाच्या मधे ॲडाप्टर, म्हणजे धातूची जाड चकती, येतो. पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) जुळला की झालं असं नसतं राव, खरी गंमत जाडीत आहे. 25 मिमीचा ॲडाप्टर लावला की चाक तेवढंच बाहेर येतं, म्हणजे ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून ते बसतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिमीत) 50 चं चाक 25 सारखं बसतं, मग टायर मडगार्डला घासतोय का ते गाडीत माणसं बसवून बघा, रिकाम्या गाडीवर कळत नाही.

ड्रमचा गंज वायरब्रशने घासून काढा, नाहीतर ॲडाप्टर सपाट बसणारच नाही. आतल्या, म्हणजे ॲडाप्टर ड्रमला धरणाऱ्या, बोल्टांच्या डोक्यांवर खडू फासा, चाक चढवा, काढा, खडू चाकाला लागला असेल तर डोकी वर येतायत, तो सेट घेऊच नका. नटची बूड गोल की कोनी हेही चाकाच्या भोकाशी जुळवा.

टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरावर आवळायचा पाना) आवळा, आणि 80-100 किमी फिरल्यावर चाक काढून आतले बोल्ट परत तपासा, बाहेरचे नट सगळेच बघतात, आतले कोणी बघत नाही.