सुगंधी मेणबत्ती घेताना आधी पंख्याकडे बघा

दुकानात आपण सगळे एकच करतो. झाकण उघडतो, नाक आत घालतो, "अहाहा!" म्हणतो आणि पैसे काढतो. मीही अशीच एक मोगऱ्याची बरणी सातशे रुपयांना आणली होती. बरणीत अगदी ताजा गजरा. घरी पेटवली तर शेजारच्या खुर्चीपर्यंतही वास पोचेना. भिंतीवर काजळीचा पट्टा मात्र दोन तासांत उमटला. थंड मेणाचा वास वेगळा आणि जळत्या मेणबत्तीचा वेगळा, हा धडा तेव्हा मिळाला. आता मी घेते ती या क्रमाने.

१. जागा ठरवा

आपल्याकडे डोक्यावर पंखा असतो, आणि मेणबत्तीचं वाटोळं तोच करतो. ज्योत हलत राहिली की मेण नीट जळत नाही, काच काळी पडते आणि मेण एकाच बाजूला वितळतं. माझ्या मोगऱ्याचं हेच झालं होतं. तेव्हा घरात वारा न लागणारा कोपरा आहे का, ते आधी शोधा. पंखा बंद करणं शक्यच नसेल तर मेणबत्ती घेऊच नका, काड्यांचा डिफ्युझर घ्या, म्हणजे सुगंधी तेलात काड्या बुडवलेली बाटली.

दहा बाय दहाच्या खोलीला शंभर-दीडशे ग्रॅमची बरणी पुरते. मासे तळल्यावर स्वयंपाकघरात गवती चहा किंवा लिंबू चांगलं. जेवणाच्या टेबलावर सुगंधी काही नकोच, आमटीच्या फोडणीशी भांडण होतं. आणि पावसाळ्यातला कुबट वास मेणबत्तीने झाकला जातो, ओल जात नाही.

२. मेण कुठलं ते वाचा

पॅराफिन खनिज तेलापासून मिळतं. स्वस्त असतं आणि वास जोरात सोडतं. त्याची काजळी विषारी म्हणून काही जण नाक मुरडतात, पण त्यात अर्थ नाही; वात लांब राहिली तर कुठलीही मेणबत्ती काजळी धरते. सोयाबीनच्या तेलाचं सोय वॅक्स मऊ असतं आणि सावकाश जळतं, पण मे महिन्यात नागपूरला कुरिअरने मागवलंत तर बरणीत सूपच हाती यायचं. मधमाशांचं मेण साधारण ६२ अंशांना वितळतं. ते महाग असतं आणि त्याला स्वतःचाच मधाळ गंध असतो, त्यावर अत्तर ओतलेलं मला पटत नाही. लेबलवर 'सोय ब्लेंड' असेल तर दुसरं काय मिसळलंय आणि किती, हे विचारा.

३. वात बघा

वात मधोमध आहे ना? सात-आठ सेंटिमीटर रुंद बरणीला एक वात चालते; दहाच्या वर गेलात तर दोन-तीन हव्यात, नाहीतर कडेचं मेण तसंच राहतं. वातीत धातूची तार असेल तर तिचं टोक पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ते शिसं असू शकतं, ती मेणबत्ती घेऊ नका. शिशाच्या वातींवर अमेरिकेत २००३ मध्ये बंदी आली. साधी सुती वात उत्तम.

बरणीची काच जाड हवी. चहाच्या पातळ ग्लासात ओतलेली मेणबत्ती दिसते छान, पण तळ तापला की तडकते.

४. हुंगा, पण तीनच

चौथ्या वासाला नाक थकलेलं असतं. मध्येच स्वतःची बाही हुंगा, नाक ठिकाणावर येतं. संत्रं, लिंबू लगेच भेटतात आणि लगेच उडून जातात. चंदन, वाळा उशिरा कळतात पण रेंगाळतात. नवा वास असेल तर आधी पत्र्याच्या छोट्या डबीतली घ्या आणि घरी जाळून बघा. घरात कुणाला दमा असेल, तान्हं बाळ असेल किंवा पिंजऱ्यात पोपट असेल तर सुगंधी मेणबत्ती नकोच.

दिवाळीआधी विशेष मुलांच्या शाळांची प्रदर्शनं लागतात, तिथे जरूर डोकावा. करणारा समोरच असतो, मेण कुठलं हे थेट विचारता येतं. महाबळेश्वरच्या भावेश भाटियांच्या सनराइज कँडल्समध्ये तर दृष्टिहीन कारागीर मेणबत्त्या घडवतात.

५. पहिल्यांदा पेटवताना घाई नको

वरचा सगळा थर कडेपर्यंत वितळू द्या. दर अडीच सेंटिमीटर रुंदीला साधारण एक तास, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या बरणीला तीन तास. लवकर मालवलीत तर मध्ये विहीर पडते आणि पुढेही मेण तिथेच वितळत जातं. चार तासांपेक्षा जास्त मात्र सलग जाळू नका. दर वेळी पेटवण्याआधी वात पाच मिलिमीटरवर कापा. नेलकटरने झकास जमतं. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबा.

६. झाकण धातूचं घ्या

आजी म्हणायची, दिवा फुंकून विझवू नये. मेणबत्तीच्या बाबतीत तरी तिचं बरोबर होतं: फुंकर मारली की वात धुमसते आणि दोन तास जमवलेल्या चंदनावर जळका वास चढतो. धातूचं झाकण अलगद ठेवलं की ज्योत आपोआप मालवते आणि धूर आतच राहतो. लाकडी किंवा बुचाचं झाकण त्या कामाचं नाही. ते झाकण लावायचं मेण थंड झाल्यावर, धूळ बसू नये म्हणून.