गाडी नुसती ‘कट-कट’ करते? आधी बॅटरी मोजा

जुनी गाडी सकाळी ‘कट-कट’ करून गप्प बसली, की लगेच नवी बॅटरी आणायला धावू नका. बरेचदा खरा गुन्हेगार निघतो तो बॅटरीच्या टर्मिनलवरचा, म्हणजे वायरी जोडतात त्या टोकांवरचा, पांढरा-हिरवा थर. हातमोजे घाला, आधी निगेटिव्ह वायर काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने घासा, कोरडं करून घट्ट आवळा. निगेटिव्ह जोडायची ती सगळ्यात शेवटी.

तरीही रडतेच? बॅटरीच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. बंद गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. जम्प केबलने (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या वायरीने) सुरू करून, केबल काढून, इंजिन चालू असतानाच पुन्हा मोजा. १३.५ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग, ठीक. १२ वरच अडकलं तर आधी त्याचा पट्टा सैल झालाय का बघा. अर्थात इंजिन बंद करूनच.