एनएफएल ड्राफ्टवर वाद कसा घालावा: आधी संघाचा कागद, मग खेळाडू

एप्रिल जवळ आला की अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांना एकच विषय पुरतो: आपल्या संघाने ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये कोणाला घ्यावं? अमेरिकेतल्या नातेवाइकांमुळे किंवा तिथे शिकायला गेल्यामुळे ज्यांना या खेळाची गोडी लागली, ते मराठी चाहतेही यात हिरिरीने उतरतात. पण बहुतेक वाद ‘हा चांगला की तो चांगला’ इथेच घुटमळत राहतात. वादाची सुरुवात खेळाडूपासून केली की तो आवडीनिवडीवर येऊन अडकतो, असं माझं ठाम मत आहे. सुरुवात संघापासून करावी. ती कशी करायची ते सिनसिनाटी बेंगल्सच्या २०२१ च्या निर्णयावरून सांगतो. त्या वादात दोन्ही बाजूंना खरोखर वजन होतं, म्हणून हे उदाहरण निवडलं.

नव्या वाचकांसाठी नियम थोडक्यात. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. ड्राफ्ट सात राउंडचा असतो आणि तीन दिवस चालतो. आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही. आपली पाळी आली की संघ कॉलेजमधल्या एका खेळाडूचं नाव घेतो आणि त्याच्याशी करार करण्याचा हक्क त्या संघाला मिळतो. मागच्या मोसमात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याची पाळी पहिली. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्याची शेवटची. पाळ्या विकता-बदलता येतात. २०११ पासून नवख्यांचा पगार कितव्या क्रमांकावर निवड झाली यावरून जवळजवळ ठरलेलाच असतो आणि पहिला करार चार वर्षांचा असतो. ही शेवटची गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

पहिलं काम: संघाचा कागद

वहीचं एक पान घ्या. आक्रमणाच्या ११ जागा एका बाजूला, बचावाच्या ११ दुसऱ्या बाजूला. प्रत्येक जागेपुढे आज तिथे खेळणाऱ्याचं नाव, त्याचं वय, करार कोणत्या वर्षी संपतो, आणि गेल्या दोन मोसमांत दुखापतीमुळे किती सामने हुकले, एवढंच लिहा. संघात ५३ जण असतात, पण सुरुवातीला या २२ जागा पुरेत. हे काम मार्चमधली फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंची पळवापळव, बरीचशी आटोपल्यावर करा. जानेवारीत केलेला कागद एप्रिलपर्यंत शिळा होतो.

बेंगल्सचा २०२१ च्या वसंतातला कागद असा दिसला असता. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा) जो बरो, २०२० च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. दहा सामन्यांत त्याला ३२ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटून त्याचा मोसम संपला. डावा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीच्या टोकाचा खेळाडू) जोना विल्यम्स, २०१९ चा पहिल्या राउंडचा खेळाडू. खांद्यामुळे त्याचा पहिला मोसम पूर्ण वाया गेलेला. उजवा टॅकल रायली रीफ, मार्चमध्येच एका वर्षाच्या करारावर आणलेला. टॅकलच्या आतल्या बाजूच्या गार्डच्या जागा कच्च्या. पास झेलणारे रिसिव्हर म्हणून टायलर बॉइड आणि टी हिगिन्स. तिसरी ओळ रिकामी, कारण ए. जे. ग्रीन ॲरिझोनाला गेला होता आणि जॉन रॉस न्यू यॉर्क जायंट्सकडे.

संघ ४ जिंकून, ११ हरून, १ बरोबरीत सोडवून पाचव्या पाळीवर आला होता. चाहत्यांचे दोन तट पडले. एक म्हणे, बरोला वाचवा, ऑरेगन विद्यापीठाचा टॅकल पेने सूएल घ्या. दुसरा म्हणे, लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) बरोच्या सोबतच खेळलेला रिसिव्हर जमार चेस घ्या. टॅकलवाल्यांच्या डोळ्यांपुढे बरोचा गुडघा होता, आणि ते स्वाभाविकच होतं. पण कागद पाहिला तर रिकामी ओळ रिसिव्हरची होती. आणि तोच कागद हेही सांगत होता की रीफचा करार एकाच वर्षाचा आहे. म्हणजे गरज दोन्हीकडे होती. फक्त ‘संघाला टॅकलची गरज आहे’ एवढ्या एका वाक्यावर निकाल लागण्यासारखा हा प्रश्नच नव्हता.

गरज आजची की दोन वर्षांनंतरची?

कराराचा रकाना याच्यासाठी. ज्यांचे करार येत्या दोन वर्षांत संपणार आहेत आणि ज्यांचं वय तिशीपलीकडे गेलं आहे, त्यांच्या नावांखाली रेघ मारा. संघाचे व्यवस्थापक त्याच जागांचा विचार करत असतात. चाहते मात्र मागच्या पराभवाचा.

२०२० चे ग्रीन बे पॅकर्स आठवा. एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून हरलेले. ॲरन रॉजर्स ३६ वर्षांचा. सगळ्यांना रिसिव्हर हवा होता, आणि त्या वर्षी पहिल्या २५ निवडींतच सहा रिसिव्हर गेले. पॅकर्सनी मात्र मायामीशी सौदा करून ३० वरून २६ वर उडी मारली आणि जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक घेतला. चाहते खवळले. रॉजर्सने त्या आणि पुढच्या मोसमात लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, तेव्हा टीकाकारांचं पारडं आणखी जड झालं. मग २०२३ मध्ये रॉजर्स जेट्सकडे गेला, लव्ह मैदानात आला आणि जानेवारी २०२४ मध्ये पॅकर्सनी डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असं हरवलं. खुद्द रॉजर्सलाही २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह खेळत असतानाच घेतलं होतं.

मला लव्हची निवड पटते. पटत नाही ते वेगळंच: पॅकर्सनी त्या ड्राफ्टमध्ये सातही राउंड मिळून एकही रिसिव्हर घेतला नाही. दुसऱ्या राउंडमध्ये चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक, तिसऱ्यात अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा टाइट एंड. टीका करायची तर ती इथे करायला हवी होती. एका निवडीवर तुटून पडण्यापेक्षा पूर्ण ड्राफ्ट समोर ठेवून बोललं की मुद्दा कितीतरी धारदार होतो. (पॅकर्सनी पहिल्या राउंडमध्ये रिसिव्हर घेतला तो थेट २०२५ मध्ये, मॅथ्यू गोल्डन. त्या वर्षीचा ड्राफ्ट ग्रीन बेमध्येच भरला होता. त्याआधीचा असा रिसिव्हर २००२ चा!)

जागेची किंमत काढा

सगळ्या जागांना सारखं मोल नसतं. प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. बरोचा २०२३ चा नवा करार वर्षाला सरासरी साडेपाच कोटी डॉलरचा आहे. म्हणजे एका खेळाडूवर केवढा वाटा जातो ते पाहा. क्वार्टरबॅक, त्याच्यावर कडेने चालून जाणारा एज रशर, टॅकल, रिसिव्हर, रिसिव्हरला रोखणारा कॉर्नरबॅक हे बाजारात फार महाग पडतात. त्यामुळे त्या जागेचा उत्तम खेळाडू नवख्याच्या ठरलेल्या पगारात चार वर्षं मिळाला, तर वाचलेल्या पैशात बाकीचा संघ उभा करता येतो. गार्ड, बचावात सर्वांत मागे राहणारा सेफ्टी, रनिंग बॅक त्यामानाने स्वस्तात मिळतात.

म्हणून वादात हा प्रश्न विचारायलाच हवा: हीच गरज मार्चमध्ये पैसे देऊन भागली असती का, आणि कितीत?

खेळाडू पाहायचा कसा?

दोन मिनिटांच्या झलकीवर विसंबू नका. तिथे फक्त चांगलेच क्षण असतात. एक पूर्ण सामना घ्या आणि चेंडूकडे पाहायचं नाही, हे आधी मनाशी ठरवा.

टॅकल पाहायचा असेल तर पासच्या चालीत त्याची पहिली तीन पावलं पाहा. चेंडू हलताच तो मागे आणि बाहेर सरकतो. तेव्हा पाय एकमेकांत अडकतात का, की दोन पावलांमधलं अंतर कायम राहतं? मग हात. समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूला पडतात की खांद्याबाहेर? बाहेर पडले तर पुढच्याच क्षणी तो झटकला जातो. शेवटी कंबर. जोराचा धक्का बसल्यावर गुडघे वाकवून तो खाली बसतो आणि थोपवतो, की सरळ उभा राहून मागे ढकलला जातो? अशा वीस-पंचवीस चाली पाहिल्या की खेळाडूबद्दल तुमचं स्वतःचं काहीतरी म्हणणं तयार होतं. रिसिव्हरच्या बाबतीत एवढं पाहा: अंगावर आलेल्या कॉर्नरबॅकपासून तो सुटतो कसा, आणि चेंडू हात पुढे नेऊन झेलतो की छातीवर येऊ देतो.

चेस आणि सूएल दोघंही करोनाच्या काळात २०२० चा मोसम खेळले नव्हते. त्यांना तोलायला हाताशी होता तो २०१९ चा खेळ. तो दोघांचाही अफाट होता: चेसला सर्वोत्तम रिसिव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कार, सूएलला सर्वोत्तम लाइनमनची (टॅकल, गार्ड असे पुढच्या फळीतले खेळाडू) आउटलँड ट्रॉफी.

इंडियानापोलिसच्या कंबाइनमधले, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांमधले, आकडे पाहा, पण नंतर पाहा. बेंगल्सनीच २०१७ मध्ये जॉन रॉसला नवव्या क्रमांकावर घेतलं होतं. त्याने ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावून तेव्हाचा विक्रम केला होता. दुखापतींनी त्याला कधी स्थिरावूच दिलं नाही. दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पुढे त्यांना सुपर बोल जिंकून देणाऱ्या क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला घेतलं.

यादी गटांत करा

एक ते पन्नास असे क्रमांक देऊ नका, सुरुवातीला कोणालाच ते नीट जमत नाही. गट करा: पहिल्याच दिवसापासून तारा ठरेल असे चार-पाच, लगेच सुरुवातीच्या अकरांत बसतील असे पंधरा-वीस, वर्षभर घडवावे लागतील असे बाकीचे. मग एकच नियम पाळा. एका गटातले दोघं समोर असतील तर संघाची गरज पाहून निवडा. पण गरजेपोटी खालच्या गटातला उचलू नका.

याच गटांवरून कोणत्या जागेसाठी थांबता येईल हेही कळतं. बेंगल्सचा हिशोब असाच होता. पाचव्या पाळीला चेस, आणि टॅकलसाठी दुसरा राउंड. तिथे त्यांनी ३८ वरून ४६ वर उतरून जॅक्सन कारमनला घेतलं. तो काही टिकला नाही.

पुढे जे झालं त्यात दोन्ही बाजूंना आपलं खरं करण्याइतकं सापडतं. चेसने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले, वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक ठरला आणि बेंगल्स सुपर बोलला पोचले. त्याच मोसमात बरोला ५१ वेळा सॅक केलं गेलं, टेनेसीविरुद्धच्या एका प्लेऑफ सामन्यात नऊ वेळा, आणि रॅम्सविरुद्ध २०-२३ असा गमावलेल्या सुपर बोलमध्ये सात वेळा. सूएल डेट्रॉइटला सातव्या क्रमांकावर गेला आणि २०२३ व २०२४ मध्ये लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. माझा कौल चेसलाच आहे. बेंगल्सची चूक पाचव्या निवडीत नव्हती, ती दुसऱ्या राउंडमध्ये आणि कच्च्याच ठेवलेल्या गार्डच्या जागांमध्ये होती. २०२२ मध्ये त्यांनी ॲलेक्स कॅपा, टेड कॅरस आणि लाएल कॉलिन्स हे तिघे लाइनमन पैसे मोजून आणले, यातच सगळं आलं.

प्रत्यक्ष वाद घालताना

‘कोणाला घेतील’ आणि ‘कोणाला घ्यावं’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. मॉक ड्राफ्ट, म्हणजे जाणकारांनी आधीच मांडलेले अंदाज, बहुधा पहिल्याचं उत्तर देतात आणि लोक भांडतात दुसऱ्यावर.

कोणी ‘याला घेऊ नका’ म्हणालं, तर त्याच पाळीला उपलब्ध असलेल्या दुसऱ्या खेळाडूचं नाव मागा. कोणी ‘वर उडी मारा’ म्हणालं, तर किंमत विचारा. डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळापासून पाळ्यांचा गुणतक्ता प्रचलित आहे: पहिल्या पाळीला ३,००० गुण, बत्तिसाव्या पाळीला ५९०. तो समोर ठेवला की हवेतल्या सौद्यांना चाप बसतो. याच २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने तिसऱ्या पाळीसाठी आपली बारावी पाळी, पुढच्या दोन्ही वर्षांच्या पहिल्या राउंडच्या पाळ्या आणि तिसऱ्या राउंडची एक एवढं दिलं आणि ट्रे लान्सला घेतलं. तो त्यांच्यासाठी सुरुवातीपासून फक्त चार सामने खेळला. त्यांना सुपर बोलपर्यंत नेलं ते २०२२ च्या अगदी शेवटच्या, २६२ व्या निवडीने, ब्रॉक पर्डीने.

रात्र जागवायची, निकालाची घाई नाही

पहिला राउंड अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी रात्री आठला सुरू होतो. भारतात तेव्हा शुक्रवारची पहाट, साडेपाच. आपल्या संघाची पाळी येण्याआधी आपली पसंती आणि तिचं कारण एका ओळीत लिहून ठेवा. नाव जाहीर झाल्यावर सगळ्यांनाच आधीपासून तेच वाटत होतं असं वाटायला लागतं.

निवडींना गुण देणाऱ्या दुसऱ्या दिवशीच्या गुणपत्रिकांना फार महत्त्व देऊ नका, आणि ऑगस्टच्या सराव सामन्यांना तर त्याहून कमी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चेसच्या हातून झेल सुटत होते. कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या चेंडूवर ते नसल्याने तो नीट दिसत नाही, असं त्याने सांगितलं तेव्हा ‘सूएलच घ्यायला हवा होता’ हा सूर पुन्हा टिपेला गेला होता. सप्टेंबरमध्ये तो विरला.

पहिल्या राउंडच्या खेळाडूंना पाचव्या वर्षासाठी ठेवायचं का, हे संघाला तिसऱ्या मोसमानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं. वही उघडून आपली ओळ तपासायला तोच दिवस ठेवा. २०२१ च्या निवडींसाठी तो २०२४ मध्ये आला: त्याआधीच्या एप्रिलमध्ये बेंगल्सनी चेसचं पाचवं वर्ष पक्कं केलं आणि डेट्रॉइटने त्याच महिन्यात सूएलशी चार वर्षांचा नवा करार केला.