घरातल्या वृद्धाचं तीव्र नैराश्य: उपचारात होणाऱ्या या चुका टाळा

सत्तरीतल्या माणसाला तीव्र नैराश्य आलं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "वय झालं, असं होणारच." दुसरं, "या वयात आता कुठे त्या जड गोळ्या?" दोन्हींना संशोधनाचा आधार नाही. साठीपुढच्या रुग्णांवर स्वतंत्र अभ्यास झालेत, मोठे आणि नीट आखलेले. ते वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की घरोघरी उपचार फसतात ते औषध कुचकामी निघाल्यामुळे कमी, आणि आपण ते भीतभीत सुरू करून घाईघाईने बंद करतो म्हणून जास्त. कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. हा लेख फाईल घेऊन त्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलासाठी, मुलीसाठी, सुनेसाठी आहे.

पोटाचं दुखणं समजून पोटाकडेच बघत राहणं

आपल्याकडची म्हातारी माणसं "मी उदास आहे" असं सहसा म्हणत नाहीत. पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही, छातीत धडधडतं, पहाटे तीनला डोळा उघडतो तो उघडतोच, अशा तक्रारी येतात. मग सोनोग्राफी, एंडोस्कोपी, ईसीजी. सगळं नॉर्मल आलं की घरचे वैतागतात आणि "मनाचे खेळ आहेत" म्हणून विषय मिटवतात. खरं तर डॉक्टरांकडे नेण्याची वेळ तीच असते.

तपासण्या करूच नयेत असं नाही. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम, साखर हे बघायलाच हवं, कारण यातली गडबडही माणसाला असंच बसवून ठेवते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादीही न्यावी, त्यात वैद्यांचं चूर्ण आणि शेजारच्या मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळीसुद्धा आली.

भ्रम लपवणं

ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते. तीव्र नैराश्यात काही वृद्धांच्या मनात खोट्या समजुती पक्क्या बसतात. "माझी आतडी सडलीत." "पेन्शन बंद झाली, आता घर विकावं लागणार." "माझ्या पापामुळे मुलांना पोलीस नेतील." पासबुक समोर धरलं तरी पटत नाही. घरच्यांना याची लाज वाटते. दवाखान्यात "झोप नाही आणि जेवत नाहीत" एवढंच सांगितलं जातं.

पण भ्रम आहेत की नाहीत यावर अख्खी उपचारपद्धत बदलते. अमेरिका-कॅनडात झालेल्या स्टॉप-पीडी या अभ्यासात भ्रमासह नैराश्य असलेले 259 रुग्ण होते, त्यातले 142 जण साठीपुढचे. ओलान्झापिन (भ्रमावरचं औषध) आणि जोडीला सर्ट्रालिन (नैराश्यावरचं औषध) मिळालेल्यांपैकी सुमारे 42 टक्के लक्षणमुक्त झाले, नुसतं ओलान्झापिन मिळालेल्यांपैकी 24 टक्के. म्हणजे अशा रुग्णाला बहुधा दोन औषधं एकत्र लागतात. भ्रमाचं तुम्ही सांगितलंच नाही, तर डॉक्टर दुसरं औषध देणार कशाच्या आधारावर? रुग्णासमोर बोलणं अवघड वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. आणि घरी वाद घालू नका. आतडी सडलेली नाहीत हे पटवण्यात तासन् तास जातात, हाती काही लागत नाही.

विसरतात म्हणजे डिमेन्शियाच, असं घरी ठरवणं

नैराश्यातही विसरायला होतं, विचार मंदावतात. प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" म्हणून गप्प बसणारा माणूस कधी कधी नैराश्यावरच्या उपचारांनी बराचसा पूर्ववत होतो. कधी दोन्ही आजार एकत्रही असतात, आणि मग गोष्टी अवघड होतात. ब्रिटनमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डिमेन्शियासोबतच्या नैराश्यावर सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन ही नैराश्याची दोन्ही औषधं नकली (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणून निदान अंदाजाने करू नका.

सौम्य आजाराचा उपाय तीव्र आजाराला लावणं

"त्यांना हास्यक्लबला नेतो", "नातवंडात रमतील", "गप्पा मारल्या की बरं वाटेल." हेतू चांगलाच असतो. गोव्यात याच धर्तीवर एक उत्तम अभ्यास झालेला आहे. साठीपुढच्या, नैराश्याची सौम्य लक्षणं असलेल्या 181 जणांपैकी निम्म्यांना प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी अडचणी सोडवण्याची पद्धत, झोपेच्या सवयी, मधुमेहासारख्या दुखण्यांत स्वतःची काळजी घेणं आणि सरकारी योजनांपर्यंत पोहोचणं यांत मदत केली. वर्षभरात पूर्ण नैराश्याचा झटका त्यांच्यापैकी 4.4 टक्क्यांना आला, तर नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी 14.4 टक्क्यांना. डॉक्टर नसलेल्या माणसांनी साधलेला हा परिणाम आहे, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला तो जमण्यासारखा आहे.

मात्र तो नैराश्य येऊ नये म्हणून केलेला उपाय होता. ज्याने आठ दिवस अन्न टाकलंय, जो अंथरुणातून उठत नाही, त्याला हास्यक्लबात ओढून नेण्यात काही अर्थ नाही. उलट "सगळे हसतात, मला हसूही येत नाही" हा आणखी एक पुरावा त्याला स्वतःविरुद्ध मिळतो. माणसांत नेणं हवंच, पण थोडी उभारी आल्यावर.

दोन आठवड्यांत डॉक्टर बदलणं

नैराश्याच्या गोळीला योग्य मात्रेत चार ते आठ आठवडे लागतात, वृद्धांत कधी त्याहून जास्त. डॉक्टरही या वयात कमी मात्रेने सुरुवात करतात, ते बरोबरच आहे. पण कधी कधी ती सुरुवातीची मात्राच महिनोन् महिने चालू राहते. "ही पुरेशी मात्रा आहे का?" हे तुम्ही विचारू शकता. त्यात आगाऊपणा नाही.

पहिली दोन औषधं लागू पडली नाहीत तर पुढे काय, यावर 2023 मध्ये ऑप्टिमम ही चाचणी प्रसिद्ध झाली. साठीपुढचे 619 रुग्ण. आधीच्या गोळीला अरिपिप्राझोल (मूळचं भ्रमावरचं औषध) जोडलं तेव्हा 28.9 टक्के लक्षणमुक्त झाले, ब्युप्रोपिऑन (नैराश्याचंच दुसरं औषध) जोडलं तेव्हा 28.2 टक्के, आणि जुनी गोळी काढून ब्युप्रोपिऑन दिलं तेव्हा 19.3 टक्के. वरवर पहिले दोन सारखेच. पण ब्युप्रोपिऑन जोडलेल्या गटात पडण्याच्या घटना सर्वांत जास्त होत्या, आणि या वयात एकदा खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं गणित बदलतं. गेल्या सहा महिन्यांत घरात कोण किती वेळा पडलं, हे न विचारताही डॉक्टरांना सांगा.

त्याच आकड्यांची दुसरी बाजूही बघावी लागते. सर्वांत चांगल्या गटातही दहांतल्या सातांना पूर्ण आराम मिळाला नाही. तिसऱ्या औषधानंतरही फरक नसेल तर चौथ्या-पाचव्या गोळीत वर्ष घालवण्याआधी पुढच्या उपायाबद्दल बोलायला हवं. तिथे नेमकं घर बिथरतं.

"शॉक" म्हटलं की फाईल मिटणं

ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा हलका झटका देण्याचा उपचार, याबद्दल लोकांच्या डोक्यात जुन्या चित्रपटांतला प्रसंग असतो, चार जणांनी धरून ठेवलेला, किंचाळणारा माणूस. आता भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला मनाई आहे. रुग्ण झोपलेला असतो.

प्राइड नावाच्या अमेरिकन अभ्यासात साठीपुढच्या 240 रुग्णांना डोक्याच्या एकाच, उजव्या बाजूला विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांची ईसीटी आणि जोडीला व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्याचं औषध दिलं. सरासरी वय सत्तर. त्यातले जवळपास 62 टक्के लक्षणमुक्त झाले, तेही सरासरी सात-साडेसात वेळा ईसीटी घेऊन. वरच्या 28.9 शेजारी हा आकडा ठेवून बघा (अभ्यास वेगळे आहेत, थेट तुलना करता येत नाही, तरी फरक डोळ्यांत भरतो). आणखी एका अमेरिकन अभ्यासात तर पंचेचाळिशीच्या आतल्यांपेक्षा पासष्टीपुढच्यांना ईसीटीचा गुण जास्त आला होता. "वय झालंय, सोसणार नाही" या वाक्याची त्यामुळे पंचाईत होते.

स्मरणशक्तीवर परिणाम होतो का? होतो. उपचारांच्या आसपासच्या दिवसांतलं काही आठवत नाही, काहींना जुन्या आठवणींतही पोकळी राहते, आणि हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवं. पण "पुढे डिमेन्शिया होईल" ही भीती वेगळी. डेन्मार्कमध्ये 2018 साली सुमारे 1 लाख 68 हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यात ईसीटी घेतलेले जवळपास 5,900 होते. डिमेन्शियाचा धोका त्यांच्यात वाढलेला आढळला नाही.

अन्नपाणी सोडलेला, भ्रमांत अडकलेला किंवा जीव द्यायची भाषा करणारा रुग्ण असेल तर ईसीटी "शेवटचा उपाय" म्हणून राखून ठेवणं ही माझ्या मते चूकच आहे. तिथे वेळ हातात नसते. हृदय, फुप्फुस, रक्तदाब आणि भूल सोसेल का, हे आधी तपासतातच.

बातमी वाचून "केटामीनच द्या" म्हणणं

2023 मध्ये मथळा फिरला: केटामीन (मूळचं भुलीचं औषध) ईसीटीच्या तोडीस तोड. आकडे खरे होते, केटामीनला 55 टक्के प्रतिसाद, ईसीटीला 41 टक्के. पण त्या चाचणीत भ्रम असलेले रुग्ण घेतलेलेच नव्हते, आणि सरासरी वय पंचेचाळिशीच्या पुढेमागे होतं. त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनमध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या 186 जणांवर झालेल्या चाचणीत उलटं दिसलं: ईसीटीने 63 टक्के लक्षणमुक्त, केटामीनने 46. वयस्कर रुग्णांत ईसीटीचं पारडं अधिकच जड होतं. नाकात फवारायच्या एस्केटामीनची (केटामीनचाच एक प्रकार) पासष्टीपुढच्यांवर वेगळी चाचणी झाली, तीत नकली फवाऱ्याशी फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही.

केटामीन निरुपयोगी आहे असं यातून निघत नाही. बातमी हातात आली की दोन प्रश्न आधी विचारा: त्या अभ्यासात आपल्या वडिलांच्या वयाचे लोक होते का, आणि आजार त्यांच्याइतका तीव्र होता का?

बरं वाटलं, गोळी बंद

सत्तरीपुढच्या, नैराश्यातून बरे झालेल्या रुग्णांना पिट्सबर्गमध्ये दोन वर्षं तपासत ठेवलं. औषध चालू असलेल्यांपैकी 35 ते 37 टक्क्यांना आजार परत आला. नकली गोळीवर ठेवलेल्यांत हे प्रमाण 58 ते 68 टक्के होतं, आणि त्यांच्यापैकी ज्यांना दरमहा मानसोपचाराची बैठक मिळत होती तेही यातून वाचले नाहीत. भ्रम असलेल्यांत तर फरक आणखी ठळक: ओलान्झापिन काढून घेतलेल्यांपैकी जवळपास 55 टक्के 36 आठवड्यांत पुन्हा आजारी पडले, चालू ठेवलेल्यांपैकी 20 टक्के. वजन वाढतं, ही तक्रार खरी आहे, पण ती डॉक्टरांकडे न्यावी, परस्पर गोळी बंद करू नये.

ईसीटीचंही तेच. प्राइडच्या दुसऱ्या टप्प्यात बरे झालेल्यांना औषधांबरोबर अधूनमधून ईसीटी चालू ठेवली, त्यांची तब्येत सहा महिन्यांनी नुसत्या औषधांवरच्या गटापेक्षा चांगली होती. "कोर्स झाला, सुटलो" असं म्हणून घरी येऊ नका. पुढची तारीख घेऊनच निघा.

घरातल्या बारीक चुका, ज्या बारीक नसतात

लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिलं जाणारं औषध) चालू असेल तर गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने देऊ नका. रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं. जुलाब झाले, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, उपास लांबला, तरी तेच. हात थरथरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नैराश्याची नवी गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत माणूस अचानक गोंधळला, सुस्तावला तर सोडियम तपासून घ्या. लघवीची गोळी जोडीला असेल तर आणखी सावध राहा.

उपचार सुरू झाल्यावर हालचाल आणि ताकद बऱ्याचदा आधी परत येते, निराशा मागे रेंगाळते. घरचे इथेच निर्धास्त होतात. या दिवसांत गोळ्यांचा साठा एकाच्याच ताब्यात ठेवा, फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात असेल तर कुलपात, नाहीतर दुसऱ्याकडे. "नको झालंय आता" असं कुणी म्हणालं तर थेट विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना त्याच वेळी गाठा. डॉक्टर लगेच मिळत नसतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात दिसत असेल तर फोनवर थांबू नका, सरळ इस्पितळात न्या.