चटकन बिथरणाऱ्या हडकुळ्या घोड्याचे वजन शांतपणे कसे वाढवावे

घोडा हडकुळा दिसू लागला की त्याची चंदी वाढवावी, हा विचार सर्वांत आधी सुचतो आणि शांत स्वभावाच्या घोड्याच्या बाबतीत तो काही प्रमाणात खपूनही जातो. परंतु जो घोडा मुळातच चटकन बिथरतो, ठाणावर उभा असताना येरझाऱ्या घालतो आणि पाठीवर खोगीर चढताच घामाघूम होतो, त्याला ओट किंवा मका वाढवून दिला तर बहुधा अंगातील मस्ती तेवढी वाढते. त्या मस्तीतच मिळालेली ऊर्जा खर्च होते आणि बरगड्या होत्या तशाच दिसत राहतात. अशा घोड्याला ऊर्जा जास्त हवी असते हे खरे, पण ती स्टार्चमधून न देता तंतुमय वैरणीतून आणि चरबीतून द्यावी लागते. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी कारण शोधावे

खाद्यात कोणताही बदल करण्यापूर्वी पशुवैद्याकडून घोड्याची तपासणी करून घ्यावी. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर सरकत राहतात. त्यांच्या कडांना धारदार टोके आली की चावताना गाल आणि जीभ सोलली जाते. घोडा गवताचे अर्धवट चावलेले ओले गोळे तोंडातून खाली टाकत असेल किंवा लिदीत लांब काड्या आणि अख्खे दाणे दिसत असतील, तर दोष खाद्यात नसून दातांत असण्याचा संभव मोठा आहे. त्यानंतर जंतांचा विचार करावा. लिदीतील अंड्यांची मोजणी करून घ्यावी आणि औषध त्या निष्कर्षानुसार द्यावे, कारण एकच औषध अंदाजाने वारंवार देत राहिल्यास जंत त्याला दाद देईनासे होतात. घोडा वयस्कर असेल तर पियुषिका ग्रंथीच्या विकाराची चाचणीही करून घ्यावी.

जठरातील व्रण हे कारण मात्र येथे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण हडकुळेपणा आणि बिथरणे या दोन्ही तक्रारी पुष्कळदा त्यातूनच उद्भवतात. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असते. त्याची तीव्रता कमी करणारी लाळ मात्र घोडा चावत असतो तेव्हाच सुटते. वैरणीविना सलग पाच-सहा तास गेले की रिकाम्या जठरात आम्ल साचते, आणि घोडा धावू लागताच ते जठराच्या वरच्या भागावर उडते. या भागाला आम्लापासून संरक्षण देणारा थर नसतो. तंग आवळताना कान मागे टाकणे, चावायला येणे, चंदी अर्धी टाकून निघून जाणे, कारण नसताना दचकणे ही लक्षणे व्रणाची असू शकतात. निदान जठरात दुर्बीण घालूनच पक्के होते आणि आम्ल कमी करणारे औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच सुरू करावे. पोट दुखत असलेल्या घोड्याला हट्टी ठरवून त्याच्याकडून जास्त काम करून घेणे हा अन्याय तर आहेच, शिवाय त्याने वजनही आणखी उतरते.

उपासमारीमुळे घोडा अक्षरशः सापळा झाला असेल, तर पुढील वेळापत्रक त्याला लागू पडत नाही. अशा घोड्याला एकदम दाणा दिल्यास रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरते आणि मृत्यूही ओढवू शकतो. सुरुवातीचे दहा दिवस तरी त्याला पशुवैद्याच्या देखरेखीखाली, दाण्याशिवाय, वैरणीचे लहान लहान हप्ते दिवसातून अनेक वेळा द्यावे लागतात.

वजन आणि अंगकाठी मोजून ठेवावी

रोज पाहणाऱ्या डोळ्याला बदल दिसत नाही, म्हणून मोजमाप लागते. घोड्याची अंगकाठी १ ते ९ अशा गुणांत मोजण्याची पद्धत डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडली आणि ती आज अनेक ठिकाणी प्रचलित आहे. मान, मानेच्या मुळाशी असलेला पाठीचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, पाठीचा कणा आणि शेपटीचे मूळ या सहा जागा हाताने चाचपून गुण द्यावेत. केसांचा थर दाट असेल तर नुसत्या नजरेवर विसंबू नये. ५ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. ३ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दुरूनही मोजता येतात.

वजनकाटा नसल्यास फितीने अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, तसेच खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८७७ ने भागावे; उत्तर किलोग्रॅममध्ये येते. घेर १८० आणि लांबी १६० सेंटिमीटर असेल तर वजन सुमारे ४३६ किलो भरते. दर दोन आठवड्यांनी त्याच माणसाने, दिवसाच्या त्याच वेळी माप घ्यावे आणि त्याच जागेवरून बाजूने छायाचित्र काढून ठेवावे.

सुमारे ५०० किलोच्या घोड्याची अंगकाठी एका गुणाने वाढण्यासाठी त्याच्या अंगावर साधारण १६ ते २० किलो चढावे लागतात. दररोज पाव किलोच्या गतीने त्याला दोन ते अडीच महिने लागतात. याहून घाई करू नये.

वैरण: खरे वजन येथेच वाढते

घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या किमान दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते. वजन वाढवायचे असेल तर दोन ते अडीच टक्क्यांपर्यंत, म्हणजे व्यवहारात तो खाईल तेवढी द्यावी. हिशेब सध्याच्या वजनावर न करता अपेक्षित वजनावर करावा. अपेक्षित वजन ५०० किलो असेल तर दिवसाला १० ते १२ किलो वाळलेले गवत समोर असले पाहिजे. एक किलो गवत चावायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटे लागतात, तर एक किलो दाणा तो दहा-पंधरा मिनिटांत संपवतो. या फरकातच शांततेचे निम्मे गमक आहे: गवत खाणारा घोडा तासन्‌तास चघळत राहतो, लाळ सुटत राहते, जठर रिकामे होत नाही आणि मनही गुंतून राहते.

गवताची प्रत येथे निर्णायक ठरते. तुरे पक्के होण्यापूर्वी कापलेले, पानेदार आणि मऊ काड्यांचे गवत चांगले पचते. उशिरा कापलेल्या जाड काड्यांच्या गवताने पोट फुगलेले दिसते, पण अंगावर मांस चढत नाही. बुरशीचा किंवा धुळीचा वास येणारे गवत स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. बारीक छिद्रांच्या जाळ्या लठ्ठ घोड्यांसाठी ठीक आहेत. हडकुळ्या घोड्याला त्यांतून गवत ओढायला लावण्यात अर्थ नाही.

एकूण वैरणीपैकी चौथा ते तिसरा हिस्सा लसूणघास दिल्यास लाभ होतो. तिच्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते आणि त्यांमुळे जठरातील आम्लाला काही अंशी आळा बसतो. लसूणघासेने घोडा तापट होतो असे पुष्कळजण सांगतात, पण तिच्यात स्टार्च फारच थोडे असते. बहुतेक वेळा जुन्या चंदीत काही कमी न करता तिची भर घातलेली असते आणि ठपका मात्र तिच्यावर येतो. एखादा घोडा तरीही तिच्यावर बिथरताना दिसला तर प्रमाण कमी करावे. वाद जिंकण्यापेक्षा घोडा शांत राहणे महत्त्वाचे.

चंदीतील स्टार्च आवरावे

दाण्यातील स्टार्च लहान आतड्यात पचले पाहिजे, परंतु ते पचवणारे पाचक द्रव्य घोड्याजवळ मर्यादितच असते. एका वेळी जास्त दाणा पडला की न पचलेले स्टार्च मोठ्या आतड्यात उतरते, तेथे आम्ल तयार करणारे जंतू माजतात, तंतू पचवणारे उपयुक्त जंतू मरतात, आणि पोटशूळापासून खुरांच्या आतल्या सुजेपर्यंत, म्हणजे लॅमिनायटिसपर्यंत, अनेक संकटे ओढवतात. शिवाय स्टार्चयुक्त चंदीनंतर रक्तातील साखर झपाट्याने चढते व उतरते, आणि संवेदनशील घोड्याच्या वागण्यात ते दिसते.

म्हणून एका वेळच्या खाण्यात, वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च जाऊ देऊ नये. ओटमध्ये साधारण चाळीस टक्के किंवा थोडे अधिक स्टार्च असते. तेव्हा ४५० किलोच्या घोड्याची एका वेळची मर्यादा सुमारे एक किलो ओटपाशीच संपते. मक्यात स्टार्चचे प्रमाण याहून बरेच जास्त असून न शिजवलेल्या मक्यातील स्टार्च लहान आतड्यात नीट पचत नाही, म्हणून बिथरणाऱ्या घोड्याच्या चंदीतून तो काढूनच टाकावा. तयार खाद्य घेताना पिशवीवर स्टार्च आणि साखर किती लिहिली आहे ते पाहावे. नावात शांततेचा उल्लेख असला म्हणून आत काकवी नसतेच असे नाही.

चोथा आणि तेल

दाणा कमी केल्यावर राहिलेली तूट दोन गोष्टींनी भरून काढता येते. पहिली म्हणजे काकवी न मिसळलेला साखरबीटचा चोथा. त्यातील तंतू मोठ्या आतड्यात सहज आंबतात आणि किलोमागे जवळजवळ ओटइतकी ऊर्जा देतात, तीही सावकाश. चोथ्याच्या गोळ्या चार-पाच पट पाण्यात पूर्ण फुगेपर्यंत भिजवाव्यात, कारण कोरड्या गोळ्या घाईने गिळल्यास अन्ननलिकेत अडकू शकतात. भिजवलेला चोथा उष्ण हवेत आंबतो, म्हणून तो त्याच दिवशी संपवावा. कोरड्या वजनाने अर्ध्या किलोपासून सुरुवात करून एक ते दीड किलोपर्यंत जावे.

दुसरी गोष्ट तेल. समान वजनाच्या दाण्याच्या तुलनेत तेलातून दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते आणि त्यात स्टार्च अजिबात नसते. घोड्याला पित्ताशय नसले तरी पित्त सतत स्रवत असल्याने, सवय झाल्यावर तो तेल चांगले पचवतो. दिवसाला ३० ते ५० मिलिलिटरपासून आरंभ करून दोन-तीन आठवड्यांत २०० ते ३०० मिलिलिटरपर्यंत, दोन वेळांत विभागून, जावे. लीद पातळ किंवा तेलकट झाली तर एक पाऊल मागे यावे. जवसाचे तेल ओमेगा-३ साठी उत्तम, पण ते लवकर खवट होते. खवट वास येणारे तेल घोडा नाकारतो आणि तो बरोबरच असतो. प्रत्येक १०० मिलिलिटर तेलामागे १०० ते २०० एकक जीवनसत्त्व ई वाढवून द्यावे.

भाताच्या कोंड्यात जवळपास वीस टक्के चरबी असल्याने तोही चालतो, परंतु तो खवटपणा रोखण्याची प्रक्रिया केलेला असावा. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे असते. दीर्घकाळ तसाच दिल्यास हाडे कमकुवत होतात. एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी पडू नये, शक्यतो दीड ते दोन पट असावे. गव्हाच्या कोंड्यालाही हाच इशारा लागू आहे.

आकड्यांत पाहायचे तर, ५०० किलोच्या घोड्याला नुसते तगून राहण्यासाठी दिवसाला सुमारे १६ ते १७ मेगाकॅलरी लागतात आणि अंगावर एक किलो चढण्यासाठी त्यावर साधारण २० मेगाकॅलरी अधिक. म्हणजे रोज पाव किलो वाढीसाठी पाच मेगाकॅलरी जास्त हव्यात. एक किलो चोथा अडीचच्या वर देतो, २०० मिलिलिटर तेल दीडच्या वर, आणि उरलेले चांगले गवत पोटभर मिळाले की भरून निघते. दाण्याची गरज किती थोडी आहे ते यावरून दिसते. घोडा रोज काम करत असेल, तर त्या कामासाठी लागणारी ऊर्जा या हिशेबात वेगळी मिळवावी.

चरबी चढली तरी पाठ आणि पुठ्ठे भरत नसतील तर प्रथिनांची प्रत पाहावी. विशेषतः लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक आवश्यक घटक, कमी पडते आणि ते सोयाबीनच्या पेंडीतून मिळते. शिवाय रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ, गवतातील उणीव भरून काढणारे खनिज मिश्रण आणि सदैव स्वच्छ पाणी द्यावे. शांत करणाऱ्या पुड्यांवर आधी पैसा घालवू नये: आहारात मॅग्नेशियम खरोखर कमी असेल तर त्याची भर उपयोगी पडते, एरवी फरक क्वचितच जाणवतो, आणि काही वनस्पतिजन्य द्रव्ये स्पर्धांमध्ये निषिद्ध असतात.

देण्याची पद्धत आणि दिनक्रम

कोणताही बदल, अगदी नव्या गवताचाही, दहा ते चौदा दिवसांत हळूहळू करावा. चंदी दिवसातून तीन-चार लहान हप्त्यांत, ठरलेल्या वेळी द्यावी, आणि तिच्यापूर्वी गवत दिलेले असावे. कामाला नेण्यापूर्वी अर्धा तास दोन-तीन मुठी चिरलेली लसूणघास द्यावी. जठरात तिचा थर राहतो आणि आम्ल वर उडत नाही. दाणा मात्र जोराच्या कामाच्या आधी तीन तासांत देऊ नये.

कळपात दबून राहणारा घोडा भरल्या गव्हाणीसमोरही उपाशी राहतो. त्याला वेगळे खायला द्यावे, पण दुसरा घोडा दिसेल असे. एकाकी, दिवसभर कोंडलेला घोडा डोलतो, फळी चावत हवा गिळतो किंवा चकरा मारतो, आणि यात जाणारी ऊर्जा कोणत्याही चोथ्याने भरून निघत नाही. दररोज कित्येक तास मोकळे फिरणे आणि सोबत मिळाल्यावर अनेक घोडे आहार बदलण्याआधीच निवळतात. हलके काम चालू ठेवावे, म्हणजे चढणारे वजन स्नायूंत जाईल; थंडीवाऱ्यात झूल आणि आडोसा द्यावा.

वागण्यातील फरक बहुधा दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो, वजनाचा त्यानंतर. अंगकाठी ५ गुणांवर आली की आधी तेल, मग चोथा टप्प्याटप्प्याने कमी करावा. वैरण मात्र तशीच ठेवावी. सहा ते आठ आठवडे सर्व नीट देऊनही फीत पुढे सरकत नसेल, तर खाद्य आणखी वाढवण्याऐवजी रक्ताची तपासणी आणि आतड्याच्या शोषणक्षमतेची चाचणी करून घ्यावी.