एनएफएस माउंट करताना या चुका टाळा

एनएफएस म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर जाळ्यावरून आपल्या यंत्रावर जोडायची, म्हणजे माउंट करायची, सोय. एफएसटॅब या माउंटच्या यादीतली एनएफएसची ओळ सहसा कुणी नव्याने लिहीत नाही. जुन्या सर्व्हरवरून उचलायची आणि डकवायची. त्या ओळीतल्या आकड्यांमागचं कारण मात्र जुन्या सर्व्हरवरच राहून जातं.

त्यातला सगळ्यात घातक वारसा यूडीपीचा, म्हणजे पॅकेट पोचलं की नाही हे न बघणाऱ्या प्रोटोकॉलचा. एनएफएसच्या आवृत्ती 2 मध्ये एका वेळी फार तर 8 किलोबाइट जायचे, तेव्हा ते खपून गेलं. आज 32 किलोबाइटचं एक रीड 1500 बाइटच्या एमटीयूवर (एका पॅकेटची कमाल लांबी) 23 तुकड्यांत फुटतं. एक तुकडा हरवला की सगळं पुन्हा मागवा. हा त्रास निदान दिसतो तरी. दुसरा दिसतही नाही: कुठला तुकडा कुठल्या डेटाग्रामचा (एका यूडीपी संदेशाचा) हे सांगणारा आयपीचा ओळख क्रमांक 16 बिटांचा, म्हणजे 65,536 क्रमांक संपले की पुन्हा तेच. गिगाबिटवर सलग वाहतूक असेल तर ते वीसेक सेकंदांत संपतात, आणि लिनक्स अर्धवट तुकडे 30 सेकंद जपून ठेवतो. जुन्या डेटाग्रामला नव्याचा तुकडा चिकटतो, चूक पकडणाऱ्या 16 बिटी चेकसमलाही क्वचित चकवा बसतो आणि फाइल बिनबोभाट बिघडते. म्हणूनच लिनक्स कर्नल 5.6 पासून एनएफएससाठी यूडीपी मुळातच बंद आहे. जुन्या ओळीत ‘प्रोटो=यूडीपी’ दिसलं तर काढा.

दुसरी चूक ‘टाइमो’ची, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची त्या ऑप्शनची. हा आकडा सेकंदांत नसतो, सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. टीसीपीवर (यूडीपीऐवजी वापरायचा प्रोटोकॉल) डीफॉल्ट 600, म्हणजे 60 सेकंद. पॅकेट हरवलं तर टीसीपी स्वतःच पुन्हा पाठवतो, त्यामुळे एनएफएसने घाई करण्यात अर्थ नाही. ‘टाइमो=14’ म्हणजे जेमतेम 1.4 सेकंद! त्याला ‘सॉफ्ट’ची (काही प्रयत्नांनंतर हार मानणाऱ्या ऑप्शनची) जोड मिळाली की सर्व्हर जरा दमला तरी प्रोग्रामच्या हातात आय/ओ एरर पडते, आणि लिहिणं चालू असेल तर डेटा जातो. सर्व्हर गेल्यावर टर्मिनल अडकतं म्हणून लोक ‘सॉफ्ट’ लावतात. चिडचिड समजते, पण लिहायच्या माउंटवर सर्व्हर परत येईपर्यंत थांबणारं ‘हार्ड’च हवं.

‘आरसाइज’ आणि ‘डब्ल्यूसाइज’ (एका वेळी किती वाचायचं, किती लिहायचं) लिहूच नका. क्लायंट आणि सर्व्हर आपसांत ठरवतात, लिनक्सवर 1 मेगाबाइटपर्यंत. तुमचं 8192 हे फक्त पायात पाय घालतं.

माउंट होतं, छोट्या फाइल उघडतात, मोठी फाइल वाचताना मात्र सगळं लटकतं? आधी एमटीयू बघा. दोन्ही टोकांना 9000 आणि वाटेतल्या स्विचवर 1500 असेल तर असंच होतं. तुकडे न करण्याची सक्ती करून 8972 बाइटचा पिंग पाठवा. तो पोचला नाही तर एनएफएसच्या ऑप्शनना हात लावू नका.

कर्नल 5.3 पासून ‘एनकनेक्ट’ने 16 पर्यंत टीसीपी जोडण्या मिळतात. वेगवान जाळ्यात एक जोडणी पुरत नसेल तरच लावा. एकाच सर्व्हरचे माउंट सहसा जोडण्या वाटून घेतात, त्यामुळे पहिल्या माउंटचा आकडा बाकीच्यांनाही लागतो. फक्त एक माउंट बदलून रीमाउंट केला आणि चालू माउंटचे ऑप्शन दाखवणाऱ्या ‘एनएफएसस्टॅट -एम’ मध्ये फरक दिसला नाही, तर त्या सर्व्हरचे सगळे माउंट उतरवून पुन्हा चढवा.