अंगावर पिताना रडणारं बाळ आणि दुधाचं पथ्य

माझा मुलगा दीड महिन्याचा असताना पिता पिता पाठीची कमान करायला लागला. दोन मिनिटं ओढायचा, मग किंचाळून तोंड फिरवायचा, वर गुळणी. गालांवर चट्टे उठले. एके दिवशी शीमध्ये रक्ताचे बारीक धागे दिसले आणि आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे धावलो. रिफ्लक्स, म्हणजे पोटातलं दूध परत वर येणं, होताच, त्याच्या जोडीला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असावी, असं त्या म्हणाल्या.

नुसती गुळणी काढणं हा आजार नव्हे. अन्ननलिकेच्या तळाची झडप बाळात कच्ची असते. बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतं. वजन वाढत असेल, बाळ खेळत असेल तर धीर धरा. पण हिरवी किंवा रक्ताची उलटी, दर वेळी लांब उडणारी उलटी, लंगोट ओले कमी होणं, वजन अडणं, बाळ मलूल पडणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच १०८ ला फोन.

अंगावरचं दूध तोडायचं नाही. पथ्य आईनं करायचं. आमच्या घरात हेच सगळ्यात अवघड गेलं. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून घेतलेलं म्हशीचं दूध म्हणजे ताकद, यावर सासरे वाढलेले. "म्हशीचं दूध कुणाला बाधतंय व्हय?" असं आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज विचारायच्या. अखेर त्यांनाच डॉक्टरांकडे नेलं. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एक बाधलं तर दुसरंही बहुधा बाधतंच, हे तिथं ऐकल्यावर त्यांनी स्वतः माझी अळिवाची खीर नारळाच्या दुधात केली. तुम्हीही घरातल्या मोठ्यांना सोबत न्या. आपण सांगून पटत नाही.

चहा, दही, ताक, लोणी, पेढे बंद केलेच. बिस्किटं आणि पावाच्या पुड्यांवरही 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन' हे दुधाचा अंश सांगणारे शब्द शोधायला लागले. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून तेही थांबवलं. पांढरा रस्सा मात्र चालला, कारण आमच्याकडे तो नारळाचं दूध, तीळ आणि काजूवर होतो. नाचणीची भाकरी वाढवली, शिवाय डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या. पथ्याला दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबलं. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पुन्हा दूध घेतलं, आणि दोन दिवसांत त्रास परतला. ही परीक्षा टाळू नका. नाहीतर विनाकारण महिनोन्‌महिने पथ्य चालू राहतं. वरचं दूध द्यायची वेळ आली तर अ‍ॅलर्जीसाठीचा खास फॉर्म्युला डॉक्टरच ठरवतील. लॅक्टोज नसलेल्या पावडरीचा उपयोग नाही, कारण दोष दुधातल्या साखरेचा नसतो.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली. वजनाच्या धास्तीनं मी चोचीच्या वाटीनं, म्हणजे बोंडल्यानं, दूध घशात ओतत होते. पुढं बोंडलं दिसलं तरी तो रडायचा. ती भीती जायला महिना लागला. तोंड फिरवलं की थांबायचं, ओठ चाटले, मूठ चोखली की पाजायचं. अंधारी, शांत खोली, अर्धवट झोपेतली वेळ. थोडं थोडं, पण वरचेवर. मग ढेकर काढून वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं. मालीशवाल्या मावशींची वेळ पाजण्याच्या आधी घेतली. झोपवायचं मात्र सपाट जागेवर, उताणं. उशी नको, झोळी नको.

एक वही ठेवा: किती वाजता प्यायलं, गुळणी, शी, आणि आपण काय खाल्लं. डॉक्टरांना त्यातूनच दिसतं.

सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज, मऊ मूगडाळ-भात. नवा पदार्थ एका वेळी एकच, मध्ये तीन दिवस. शेंगदाणा आणि अंडं आपल्या मनानं लांबवू नका, कधी द्यायचं ते विचारा. घुटी नको, आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको.

दूध परत सुरू करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बहुधा दूध घालून भाजलेल्या बिस्किटापासून. तोवर देवळातून अंबाबाईचा पेढा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगा: बाळाच्या ओठाला लावू नका.